टेकची एकोणीस कार्डं

२ फेब्रुवारी

धाकटे,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते न उघडताच ड्रॉवरमध्ये टाकतेस, याची मला खात्री आहे. म्हणून या वेळी पत्ता ऑफिसात टाइप करून घेतला. एवढी लबाडी पोटात घाल. आता उघडलंच आहेस तर वाचून टाक.

बातमी अशी की आमच्या इंग्रजी-मराठी कोशाची दुसरी आवृत्ती निघतेय आणि टी अक्षर पुन्हा माझ्याच गळ्यात पडलंय. टी म्हटलं की टेक आलाच. गेल्या वेळी या एका शब्दाने माझे चौदा महिने खाल्ले होते, तुला आठवत असेल. दिसायला इतका साधा की पाहणाऱ्याला वाटावं, घेणे लिहिलं की झालं. पण इंग्रज माणूस औषध घेतो तशीच बसही घेतो आणि दुपारी डुलकीही घेतो. परीक्षा तर तिकडे विद्यार्थीच घेतात! आपल्याकडे मास्तर घेतात आणि पोरं देतात. शिवाय रागावणं, समजणं, सोसणं, लळा लागणं, वळणावर जाणं, सगळीकडे याचं नाक खुपसलेलं. त्रेचाळीस अर्थ वेगळे काढले होते आम्ही, आणि तरी वाचकांची पत्रं आलीच की चव्वेचाळिसावा राहिला.

तर सांगायचं ते हे. अर्थ क्रमांक सात, 'नेणे', याच्याखालचं ते वाक्य मी काढते आहे. 'तो जाताना टूथब्रश घेऊन गेला, पण लग्नाचा फोटो नेला नाही.' दुसऱ्या आवृत्तीत ते दिसणार नाही.

चार वर्षांपूर्वी तुझ्या चार ओळी आल्या होत्या. 'ताई, आज सहावीच्या वर्गात एका मुलीने तुमचा कोश उघडून हे वाक्य मोठ्याने वाचलं. सगळा वर्ग हसला. मलाही हसावं लागलं. ते मी तुला स्वयंपाकघरात सांगितलं होतं.' त्यानंतर तुझं एक अक्षर नाही.

वाक्याखाली कुणाचं नाव नव्हतं गं. कोण तो, कुणाचा फोटो, कुणाला कळणार होतं? हे मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते. पण काढते आहे. एकतीस मार्चला पानं छापायला जातात. तोपर्यंत तुझं काही म्हणणं असेल तर कळव.

तुझी
ताई

१६ फेब्रुवारी

धाकटे,

उत्तर नाही. बरं. निदान पाकीट परत आलं नाही, म्हणजे घर बदललेलं नाहीस.

ते वाक्य खोडलं. लाल पेन्सिलीने, दोन रेघा मारून. खोडल्यावर मला मोठं काम केल्यासारखं वाटलं आणि मी खिडकीपाशी जाऊन चहा प्यायले. मग त्याच्या जागी दुसरं शोधायला टेकचा खोका खाली काढला, आणि तिथे माझी पंचाईत झाली.

आमची पद्धत तुला माहीत आहे. मुख्य संपादकांना, म्हणजे आमच्या थोरल्यांना, खुर्चीत बसून रचलेलं वाक्य चालत नाही. त्यांच्या मते त्याला पुस्तकाचा वास येतो. जिवंत माणसाने आपल्या भाषेत बोललेलं वाक्य आधी कानावर पडायला हवं, मग ते इंग्रजीच्या कुठल्या अर्थाखाली बसतं ते पाहायचं. एक वाक्य, एक कार्ड. कार्डावर तारीख, कोण बोललं, कुठे बोललं. मी दातांच्या डॉक्टरकडे आ वासून पडले होते, तो म्हणाला, 'जरा दमाने घ्या,' आणि मी खुर्चीतून उठल्याउठल्या त्याच्यापुढे कार्ड धरलं होतं. त्याला वाटलं बिलाबद्दल तक्रार आहे.

टेकच्या खोक्यात दोनशेच्या वर कार्डं आहेत. त्यातली छापलेली वेगळी केली. 'कोण' या रकान्यात भाजीवाली होती, बसचा कंडक्टर होता, वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड इंजिनियर होते. आणि तू होतीस. एक कार्ड, दोन, पाच. मोजून एकोणीस निघाली. कोण: धाकटी. कुठे: स्वयंपाकघर. कुठे: जिना. कुठे: बाथरूमच्या बंद दाराआडून.

'मी त्याचं सगळं खपवून घेतलं, तिथेच चुकले.' 'त्याने मला गृहीत धरलं होतं.' 'मला झोपेची गोळी घ्यायची नाही, मला नुसतं झोपायचंय.' 'त्याचा शब्द मी खरा मानला.' 'आईचं वळण तू घेतलंस, मी कुणाचं घेतलं कोण जाणे.'

हे सगळं छापलंय, धाकटे. तू कोशातली बाकीची पानं उघडली नसशील असंच मी धरून चालले होते. आज वाटतं, उघडली असणार. चार ओळींत तू एकाच वाक्याचं बोललीस, कारण बाकीच्या अठरांचं बोलायची इच्छाच उरली नसेल.

तू माझ्याकडे अकरा महिने होतीस. तो सोडून गेला, तुझं घर मोडलं, तू दोन बॅगा घेऊन माझ्या दारात आलीस. तू बोलायचीस आणि मी भांडी विसळत ऐकायचे. तुला वाटायचं, ताई किती शांतपणे ऐकते. ओट्याच्या खणात चमच्यांच्या खाली कोऱ्या कार्डांचा गठ्ठा असायचा. तू आत गेलीस की मी हात पुसून लिहायचे.

वाईट हेतूने नव्हे. त्या वेळी तू जसं बोलायचीस तसं कुणीच बोलत नव्हतं. इतकी नेमकी वाक्यं मला बाहेर कुठे मिळत नव्हती. हे समर्थन आहे हे मला कळतंय, पण खरंही आहे.

ताई

१ मार्च

धाकटे,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. एकच ओळ लिहिलीस, 'कार्डांच्या मागे सही कुणाची आहे?'

विसरली असशील असं मला उगाच वाटत होतं. एकदा तू डबा द्यायला ऑफिसात आली होतीस. थोरल्यांनी तुला सगळा कारखाना हिंडून दाखवला होता. कार्ड उलटं करून सांगितलं होतं, 'बाई, ज्याचं वाक्य त्याची सही. सही नाही तर छापणं नाही. माणसाच्या तोंडचं उचलायचं तर त्याला विचारायला नको?' तू तेव्हा हसून मान डोलावली होतीस.

हवा बरी आहे. ऑफिसात रंगकाम काढलंय, सगळीकडे शिड्या आहेत. माझा डावा गुडघा जिना चढताना

नाही. वरचं राहू दे, खोडत नाही. मी कशी टाळते ते तुलाही दिसू दे.

सही मी केली. एकोणीस वेळा, तुझ्या नावाचं पहिलं अक्षर आणि त्याखाली ती लांब शेपटी. जड गेलं नाही. तुझं अक्षर मीच वळवलेलं, पाटीवर तुझा हात धरून. ती शेपटी काढायला मीच तुला शिकवलं होतं. एका संध्याकाळी एकोणीस कार्डं ओळीने मांडली आणि पाच मिनिटांत काम उरकलं. मनात एवढंच आलं की ही कुठे नाही म्हणणार आहे. पुढच्या खोलीत बसली होतीस तू. दहा पावलांवर. काहीतरी शिवत होतीस.

विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. ते मला माहीत होतं, म्हणून तर विचारलं नाही. हे चार वर्षांत मी स्वतःलाही सांगितलेलं नाही, तुला आज लिहिते आहे.

थोरल्यांना यातलं काही ठाऊक नाही. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर संपादकांच्या यादीत माझं नाव दुसरं आहे. आईच्या फोटोशेजारी ते पान मी चौकट करून लावलंय, तेही तू पाहिलं आहेस. त्यांना सांगितलं तर ते नाव राहणार नाही. सांगावं असं रोज सकाळी ठरवते आणि त्यांच्या केबिनपर्यंत जाऊन भलतंच काहीतरी विचारून परत येते. काल स्टेपलरच्या पिना मागितल्या. माझ्या खणात पिनांची तीन खोकी आहेत.

ताई

११ मार्च

धाकटे,

सांगितलं.

थोरले वरणाच्या डब्याचं झाकण उघडत होते, माझ्या वेळा नेहमी अशाच. मी एकोणीस कार्डं त्यांच्या टेबलावर उलटी ठेवली आणि म्हणाले, "या सह्या माझ्या आहेत."

त्यांनी डबा बाजूला सारला, चष्मा बदलला, एकेक कार्ड पाहिलं. मग म्हणाले, "मी या शेपटीचं कौतुक केलं होतं हो. म्हटलं, तुमच्या बहिणीची सही मोठी ऐटदार आहे."

मी रडले नाही. त्यांच्यासमोर नाही.

मी विचारलं, "राजीनामा लिहून देऊ?"

"राजीनाम्याने कार्डांवर खरी सही येणार आहे का?" ते म्हणाले. "ही कार्डं ज्यांची आहेत त्यांच्याकडे पाठवा. ठेवायचं ते त्या ठेवतील, खोडायचं ते खोडतील. खोडलेलं सगळं पानावरून जाईल. त्या जागा तीस तारखेपर्यंत तुम्ही भरायच्या, आणि यादीतून नाव जाईल. ते मी तुम्हाला समजावून सांगायला नको."

"नको," मी म्हणाले.

जाताना त्यांनी हाक मारली. मला वाटलं, विरघळले. तर म्हणाले, "पोस्टाने रजिस्टर करून पाठवा. दुसरी प्रत नाही आपल्याकडे."

तेव्हा सोबत एकोणीस कार्डं आहेत. मागच्या माझ्या सह्यांवर मी काट मारली आहे. एक लाल पेन्सिलही ठेवली आहे, टोक काढून. काही कोरी कार्डं पाकिटाला कडकपणा यावा म्हणून घातली आहेत. खोडताना माझा विचार करू नकोस. आणि हे मी मोठेपणाने म्हणत नाहीये. गेल्या वेळी मी तुझा विचार केला नव्हता, मला कुठल्या तोंडाने काही मागता येणार आहे?

घरी येऊन ते चौकटीतलं पान काढलं. खिळा भिंतीतच आहे, आता त्यावर छत्री लटकवते. दिवाणखान्यात छत्री बावळट दिसते.

खरी भीती नावाची नाही. तू सगळी एकोणीस खोडून पाठवशील आणि मग आपल्यामध्ये पाठवण्यासारखं काहीच उरणार नाही, याची आहे. लिहून टाकलं.

ताई

२३ मार्च

धाकटे,

पाकीट मिळालं. ऑफिसात उघडायचा धीर झाला नाही. घरी आणलं, हातपाय धुतले, आणि परीक्षेचा निकाल पाहावा तसं एकेक कार्ड काढलं.

अकरा खोडलीस. सात सह्या करून ठेवलीस. शेपटी आता काढत नाहीस, हे मला माहीत नव्हतं. नुसतं अक्षर आणि एक टिंब. कधी बदललीस?

'खपवून घेतलं'वर सही पाहून मला धक्काच बसला. मला वाटलं होतं, तेच आधी जाईल. कडेला लिहिलंयस, 'हे राहू दे, माझ्या वर्गातल्या मुलींनी वाचायला हवं.' गोळीचं वाक्य खोडलंस, बरोबर केलंस. गृहीत धरण्याच्या वाक्यात 'त्याने' खोडून 'तुम्ही सगळ्यांनी' केलंस आणि मग सही केलीस. तसंच छापते.

आणि एकोणिसावं, टूथब्रशचं, फाडून दोन तुकडे पाठवलेस. मागे लिहिलंस, 'हे घरात बोललेलं होतं.' ते तुकडे मी चिकटवले नाहीत. कुठे ठेवले तेही सांगत नाही, पण ऑफिसात नाहीत.

मग कोऱ्या कार्डांपैकी एकावर तुझी ओळ सापडली. 'ताई, पूर्ण टेक मी दोनदा वाचला. भाजीवाली आहे, कंडक्टर आहे, मी आहे. तुझं एकही वाक्य नाही. का?'

आधी मला रागच आला. म्हटलं, ही शाळामास्तरीण मलाच गृहपाठ देतेय. संपादकाने स्वतःचं वाक्य घालायचं नसतं असं उत्तरही लिहून काढलं. तसा काही नियम नाही. थोरल्यांची दहा-बारा वाक्यं कोशात आहेत, सगळी त्यांच्या पोटाबद्दल.

मग चार दिवस मी स्वतःवर कान ठेवला. दिवसभर मी काय बोलते? 'पंखा बंद करा.' 'पानं मोजली का?' 'नको, मला काही नको.' हे शेवटचं मी किती वेळा म्हणते ते तुला माहीत आहे. आई गेल्यावर सगळे मला विचारायचे, धाकटी कशी आहे. मी सांगायचे. ताई कशी आहे हे कुणी विचारलं असतं तर सांगायला मला वाक्य सापडलं नसतं. म्हणून तुझी उचलली असावीत. माझ्या मनातलं जे काही होतं ते तुझ्या तोंडून ऐकू यायचं, आणि मला त्याची जबाबदारी घ्यावी लागत नव्हती.

एक वाक्य आहे मात्र. कधी बोलले नाही. बोलायचं नव्हतंच. अर्थ क्रमांक एकतीस, 'आसरा देणे, ठेवून घेणे'. ती जागा तू खोडल्यामुळे रिकामी आहे.

'तिचं घर मोडलं, मी तिला ठेवून घेतलं, आणि मला आनंद झाला.'

कोण: मी. कुठे: दारात, तुझ्या हातातली बॅग घेताना.

तू रडत होतीस आणि मला आनंद झाला होता, धाकटे. तुझ्या लग्नानंतर सहा वर्षं मी एका माणसाचा स्वयंपाक करत होते. एका माणसाचा स्वयंपाक नीट होत नाही, एक तर उरतो नाहीतर कमी पडतो. त्या दिवशी मी तुझी पाठ थोपटत होते आणि मनात दोन माणसांचा अंदाज घेत होते. त्याचे दोन फोन आले, तो परत येऊन तुला घेऊन जाईल या भीतीने तेही मी तुला सांगितले नाहीत. तू बाजारात गेली होतीस. नंतर त्याने केले नाहीत, म्हणजे फार काही सांगायचं नसेल त्याला. पण ते मी ठरवायचं नव्हतं.

आता सगळं सांगून झालं. कार्डाच्या मागे मी माझी सही केली आहे. छापायचं की नाही ते तू सांग, कारण त्यातली 'ती' तू आहेस. तीस तारखेपर्यंत थांबते. त्यानंतरही थांबेनच, पण कोश थांबणार नाही.

ताई

२९ मार्च

धाकटे,

तू फोन ठेवलास आणि मी लगेच हे लिहायला बसले. फोनवर मी नुसतं 'हं, हं' करत होते याचा राग मानू नकोस. ऑफिसचा फोन थोरल्यांच्या केबिनबाहेर आहे. सगळा मजला कान टवकारून बसला होता. टाइप करणारीने तर मशीनवर हात ठेवून टाइप न करण्याचा पराक्रम केला. आमच्याकडच्या लोकांना ऐकण्याचाच पगार मिळतो, त्यांना दोष कसा देऊ?

तू आधी त्याच्या त्या दोन फोनांवरून मला बोललीस. भरपूर बोललीस. मी ऐकून घेतलं, आणि त्यातलं एक अक्षरही मला जास्त वाटलं नाही. हे तिथे म्हणता आलं नाही म्हणून इथे म्हणते.

मग तू थांबलीस. मला वाटलं, आता ठेवणार. आणि तू म्हणालीस, "आणि ते आनंदाचं मला माहीत होतं गं, ताई. त्या दिवशी मी आत आले तर पलंगावर धुतलेली चादर घातलेली होती. मी तर कळवलंही नव्हतं."

मी म्हणाले, "हं."

"जिथे जाईन तिथे लोक मला बघून तोंड पाडायचे," तू म्हणालीस. "मी आले म्हणून बरं वाटलेलं माणूस एकच होतं. नाहीतर अकरा महिने कशाला राहिले असते तुझ्याकडे? तुझ्या त्या पाणचट कॉफीसाठी?"

मी पुन्हा हंच म्हणाले. टाइप करणारी रडत होती. तिला काय ऐकू आलं देव जाणे, माझ्या बाजूने तर नुसते हुंकार होते.

जे म्हणायचं होतं ते हे. चार वर्षं मला वाटत होतं की तुला माझ्यातलं वाईट कळलं म्हणून तू बोलणं तोडलंस. तुला ते आधीपासून ठाऊक होतं, आणि तरी तू राहिली होतीस. तू तोडलंस ते मी विचारलं नाही म्हणून. एवढंच होतं. दहा पावलं चालून यायचं आणि विचारायचं. मला फार वाईट वाटतंय, धाकटे. तुझी आठवण येते, रोज येते.

वाक्य छाप म्हणालीस, छापते. थोरल्यांनी कार्ड वाचलं, मागची सही पाहिली, पुढे पुन्हा वाचलं आणि नुसतं 'बसतं' म्हणाले. नाव यादीत नाही ते नाहीच.

आता तुझ्या शनिवारच्या येण्याबद्दल. 'चालेल ना?' असं तू विचारलंस आणि मी तिसरा हं म्हणाले, तो होकार होता. तुझी खोली तयार आहे असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. तू गेल्यापासून तिथे मी एसपासून झेडपर्यंतची खोकी रचून ठेवलीत, पलंगावरसुद्धा. बाहेरच्या खोलीत हलवायला दोन दिवस लागतील. गुडघा दुखतोय, तरी हलवते.

ताई